अंगणात मागितलेली डॉक्टरकी

मी अकरावीत असताना, शिमग्यात, गावची पालखी आमच्या अंगणात आली आणि वडिलांनी माझ्यासाठी गाऱ्हाणं घालायला सांगितलं. मला सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळावी, असं ते मागणं होतं. सगळ्या वाडीने ते ऐकलं तेव्हाच मीही ते पहिल्यांदा ऐकलं.

दुपार होती. अंगण आदल्या दिवशी सारवलेलं होतं. पालखी नाचवून पाटावर टेकवली होती, आईने ओटी भरली होती, ढोल थांबले होते. गाऱ्हाणं म्हणजे घराच्या वतीने देवापुढे मोठ्याने सांगितलेलं मागणं. ते घरमालकाने स्वतः सांगायचं नसतं. आमच्याकडे तो मान गावकरांचा, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याचा. गावकर नात्याने माझे चुलत आजोबा. वय झालेलं, पण आवाज ओढ्यापलीकडच्या वाडीपर्यंत पोचेल असा. घरमालक त्यांच्या कानात चार शब्द सांगतो आणि त्यांचं गाऱ्हाणं ते करतात. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसं 'व्हय महाराजा' म्हणतात. मागणं एका घराचं असतं, होकार सगळ्या गावाचा.

वडील त्यांच्या कानाशी वाकले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पुढे एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ते 'पोरीचं डॉक्टरकीचं बघा' एवढंच म्हणाले होते. बाकीचं गावकरांचं.

"बा देवा महाराजा," गावकरांनी सुरुवात केली, "आज तू तुज्या लेकराच्या दारात आलास."

"व्हय महाराजा!"

"ह्या घरातली पोर रत्नागिरीला शिकतेय. तिला डाक्तर व्हायचं हाय."

"व्हय महाराजा!"

"तिला पयल्या यादीत घे. सरकारी कालेजात घे. जमलं तर मुंबैच्या कालेजात घे."

"व्हय महाराजा!"

"आनि शिकून झाली की तिला ह्याच वाडीत आन. सुई टोचायला म्हाताऱ्या मानसाला एसटी धरायला लागू नये."

"व्हय महाराजा!"

"ती तुज्या सहाणेवर पत्र्याची शेड घालील, महाराजा. तुला उनात ठेवनार नाय!"

शेवटचा होकार सगळ्यांत मोठा होता. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी मुक्कामाला बसते तो चौथरा. त्यावर शेड हवी हा वाडीचा जुना विषय होता. आमच्या घरात तो कधी निघाला नव्हता. आईने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर पालखीकडे वळवली. शिमग्याला मुंबईहून आलेला माझा एक चुलतभाऊ खांबाला टेकून हे सगळं मोबाइलवर घेत होता. वडिलांनी हात जोडून डोळे मिटले होते. त्यांचा चेहरा मला आठवतो. ते खूष होते.

माझी त्या वेळची स्थिती अशी होती. मी रत्नागिरीत मावशीकडे राहून सायन्स करत होते. सकाळी कॉलेज, दुपारनंतर नीट परीक्षेचा क्लास. वडील लोट्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. तिथेच खोली घेऊन राहत आणि पाळीची सुट्टी मिळाली की गावी येत. आई गावी, भातशेतीची चार कुणगं आणि दोन म्हशी सांभाळून.

कॉलेजने अकरावीच्या सुरुवातीलाच कागदपत्रांच्या मागे लागायला सांगितलं होतं. जातपडताळणी, अधिवासाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी एक कागद कमी पडला तर जागा जाते, हे सर पुन्हा पुन्हा सांगत. पडताळणीसाठी पणजोबांच्या शाळेचा उतारा लागला. तो काढायला आई शाळेत गेली, तालुक्याला गेली, सेतू कार्यालयाच्या रांगेत उभी राहिली. शिमग्यापर्यंत प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सगळं लागलेलं होतं. कागदांची अडचण नव्हती. अडचण मार्कांची होती. क्लासच्या सराव परीक्षांत सातशेवीसपैकी दोनशेच्या वर मी गेले नव्हते. फिजिक्समध्ये उणे मार्क पडत.

क्लासच्या सरांनी हे आईला फोनवर सांगितलं होतं. आईने त्यांना सांगितलं, अजून वर्ष आहे. वडिलांच्या मोबाइलवर क्लासचा मेसेज जायचा, पण तो हजेरीचा. मार्क ॲपवर दिसत आणि ॲप त्यांच्या फोनमध्ये नव्हतं. कंपनीच्या गेटवर फोन जमा करावे लागत. पाळी सुटली की ते फोन घेत, 'हजर' हा शब्द वाचत आणि गाडीत बसत. मुलगी एकही परीक्षा चुकवत नाही, हे ते सगळ्यांना सांगत. ते खरं होतं.

आणखी एक गोष्ट आईला माहीत होती, वडिलांना नव्हती. थंडीत कॉलेजची सहल दापोलीला गेली होती. तिथे कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुली काजूची कलमं बांधत बसल्या होत्या. डोक्याला टोप्या, नखांत माती. एकीने माझ्या हातात पट्टी दिली आणि कशी ताणून गुंडाळायची ते दाखवलं. मी बांधलेली पट्टी तिने दाबून पाहिली. ती सोडून परत बांधली नाही, रोप रांगेत ठेवून दिलं. परत येताना बसमध्ये मी सरांना विचारलं, इथे यायला कुठली परीक्षा द्यावी लागते. ते म्हणाले, सीईटी. नीट लागत नाही.

आईला मी हे त्याच आठवड्यात सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती.

"बाबांना आत्ता नको सांगूस," ती म्हणाली. "शिमगा होऊ दे."

शिमगा झाला तो असा.

चुलतभावाने व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर टाकला. शेजारच्या गावची एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्याकडून तो वर्गात आला. मी सोमवारी कॉलेजात गेले तेव्हा सगळ्यांनी पाहिलेला होता. फिजिक्सच्या तासाला सरांनी फळ्यावर एक उदाहरण सोडवलं आणि विचारलं, "समजलं का?"

मागच्या बाकांवरून आवाज आला, "व्हय महाराजा!"

सरांना आधी कळलं नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं. तेही हसले. त्यानंतर हे रोजचं झालं. हजेरीला माझा नंबर आला की मी 'प्रेझेंट' म्हणायच्या आत मागून उत्तर यायचं. कॅन्टीनमध्ये एकाने वडापाव हातात धरून गाऱ्हाणं घातलं: "बा देवा महाराजा, ह्या पोरीला पयल्या यादीत घे, नायतर ह्या वड्यात बटाटा तरी घाल!" ते चांगलं जमलं होतं. मला हसू आलं. मी हसले तेव्हा त्यांना वाटलं की चालतंय, आणि ते वाढलं.

मला लाज कशाची वाटत होती हे त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. गाऱ्हाण्याची नव्हती, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. व्हिडिओत मी दिसत होते. हात जोडून, मान खाली, मागणीशी सहमत असल्यासारखी. माझे मार्क वर्गाला माहीत होते. क्लासच्या भिंतीवर यादी लागायची. म्हणजे वर्ग दोन्ही गोष्टी एकदम पाहत होता.

वार्षिक परीक्षा झाली आणि मी गावी आले. तोपर्यंत वाडीत माझं नाव बदललं होतं. मला 'डॉक्टरीण' म्हणत. पहिल्याच सकाळी शेजारची काकी साखरेचा रिपोर्ट घेऊन आली. ही काकी म्हणजे खालच्या घरातली, आईची शेतातली जोडीदारीण. नवरा मुंबईला वॉचमन.

"वाच गो बाय," तिने कागद माझ्यापुढे धरला. "सरकारी दवाखान्यात दिलान, पन काय हाय ते सांगितलं नाय."

"काकी, मी अजून अकरावीत आहे."

"मग? इंग्रजी वाचता येतं ना?"

मी वाचलं. आकड्यांच्या शेजारी नेहमीचं प्रमाण छापलेलं असतं, त्यावरून साखर जास्त आहे एवढं कळत होतं. तेवढं मी सांगितलं.

"हे आमच्या पोरीनं पन सांगितलं," काकी म्हणाली. "गोळी कुठली घेऊ ते सांग."

गोळीचं डॉक्टरांना विचारा, असं मी म्हटलं. ती उठली. जाताना आईला म्हणाली, "हुशार हाय हो. उगाच गोळी सांगत नाय." आई मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. त्या दिवसांत आणखी माणसं आली. एक आजोबा धोतर गुडघ्यावर घेऊन पायरीवर बसले आणि पाय दाखवला. जखम चिघळली होती. त्यांना मी रत्नागिरीला जा म्हटलं. "म्हंजे तू येईपरेंत तिकडंच जायला लागनार," ते हसत म्हणाले आणि लंगडत गेले.

एप्रिलच्या अखेरीस क्लासने पालकसभा ठेवली. बारावीसाठी बॅच निवडायची होती. नीटची बॅच वेगळी, सीईटीची वेगळी, आणि सुट्टीतला वर्ग सुरू होण्याआधी नाव द्यायचं होतं. मावशी म्हणाली, मी जाते. पण वडिलांनी पाळी बदलून घेतली आणि ते स्वतः आले. रात्रपाळी संपवून, कंपनीच्या गाडीने हायवेला उतरून, एसटीने रत्नागिरीला. अंगात कंपनीचं जाकीट होतं, खिशावर कंपनीची खूण शिवलेली. सभागृहात एसी होता. त्यांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावली आणि ते पालकांच्या रांगेत दुसऱ्या खुर्चीवर बसले. विद्यार्थी मागे होते.

बोलायला पुण्याहून एक सर आले होते. ते हातात माईक घेऊन फिरत बोलत होते. यशाची गोष्ट सांगून झाल्यावर ते पालकांकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "तर मग करायचं ना आपल्या मुलांना डॉक्टर?"

मागच्या रांगेतून चार-पाच जण एकदम ओरडले, "व्हय महाराजा!"

आणि पुढून, पालकांच्या रांगेतून, एकट्या माणसाचा आवाज आला, "व्हय महाराजा."

तो माझ्या वडिलांचा होता. सवयीने आला होता. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावलेही होते.

सभागृह हसलं. आधी मुलं, मग पालक. पुण्याचे सर म्हणाले, "वा! हा खरा कोकणी आत्मविश्वास!" मग टाळ्या वाजल्या. वडिलांनी मागे वळून पाहिलं. तेही हसत होते. त्यांची नजर मला शोधत होती. माझ्या शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, "तुझे बाबा?" मी हो म्हटलं. पडद्यावर गेल्या वर्षी लागलेल्या मुलांचे फोटो होते. मी सभा संपेपर्यंत ते पाहत राहिले.

आम्ही स्टँडवर आलो. त्यांना लोट्याकडे जाणारी गाडी धरायची होती. वडिलांनी दोन चहा सांगितले.

"मुलं चांगली आहेत," ते म्हणाले. "देवाधर्मातली दिसतात. शहरात राहून एवढं कोण पाळतं?"

"बाबा, ती चेष्टा करत होती."

"कुणाची?"

"व्हिडिओ आलाय त्यांच्याकडे. गाऱ्हाण्याचा."

ते चहा पीत राहिले. मग म्हणाले, "आमच्या कंपनीत पण बघितला सगळ्यांनी. गाडीत. कोणी हसलं नाही. साहेबांनी पण विचारलं, मुलगी काय करते."

मी माझा ग्लास उचलला.

"मी म्हटलं तेव्हा पण हसली ती?"

"हो."

"तुला रोज असं म्हणतात?"

"हो."

त्यांनी जाकिटाची चेन उघडली. बाहेर ऊन होतं, त्यांना घाम आला होता. पेपर विकणारा एक जण समोरून गेला. वडिलांनी ग्लास टेबलावर ठेवला.

"एक खरं सांग. तुला जमतंय ना?"

"नाही."

"अभ्यास करतेस ना पण?"

"करते. जमत नाही." मग मी मार्क सांगितले. कितीपैकी तेही सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. त्यानंतर दापोलीचं सांगितलं. कलमांचं, सीईटीचं, त्या मुलींचं. कदाचित मी फार घाईने बोलले.

"शेती?" ते म्हणाले.

"शेतीची पदवी असते, बाबा."

"मी नांगर सोडून लोट्याला गेलो." एवढं बोलून ते थांबले. गाडी लागल्याची घोषणा झाली. ते चढले. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. पण गाडी वळेपर्यंत ते माझ्याकडे पाहत होते.

त्यानंतर त्यांनी मला फोन केला नाही. आईला केला. आईला आधीपासून माहीत होतं, हे त्यांना त्या फोनवर कळलं. ते काय म्हणाले हे आईने मला कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की नाव कुठल्याही बॅचला द्यायचं नाही, बाबा गावी येत आहेत. बोललेलं आधी देवाकडून सोडवून घ्यायला लागेल.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अंगणात बोललेला शब्द घरातल्या घरात फिरवता येत नाही. गावाने होकार दिलेला असतो. फिरवायचा तर गावासमोरच. त्यासाठी कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गावकर प्रश्न सांगतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कौल लावला. मुंबईची माणसं सुट्टीला आलेली होती, त्यामुळे देवळात गर्दी होती. काही नुसतीच बघायला आली होती. मी आईशेजारी बायकांमध्ये बसले. वडील पुढे गेले. या वेळी कानात सांगून भागणार नव्हतं. गावकरांनी विचारलं, "कशासाठी सोडवायचं ते सगळ्यांसमोर सांग."

वडील म्हणाले, "पोरीला झेपत नाय."

मग मुंबईचा एक काका म्हणाला, "अरे, क्लास बदल. माझ्या साडूच्या पोराला दादरला घातला, लागला ना."

"क्लासचं नाय," वडील म्हणाले. "मीच तिला न इचारता बोललो. तिला दुसरं करायचं हाय."

"काय करायचं हाय?"

वडिलांनी पाषाणाकडे पाहिलं. "दापोलीला जायचं हाय. शेतीचं शिकायला."

आधी कुणीतरी खोकलं. मग तोच काका म्हणाला, "घ्या! आता नांगर धरायला पन डिग्री लागते." बायकासुद्धा हसल्या. आईने पदर तोंडाला लावला, ती हसत नव्हती. वडिलांची पाठ आमच्याकडे होती. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी हातात घेतला आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

गावकरांनी सगळ्यांना गप्प केलं आणि प्रश्न सांगितला: पोरीला बोललेल्या शब्दातून मोकळी करावी का? आम्ही वाट पाहिली. डावी पाकळी पडली.

गर्दी कुजबुजली. गावकर बराच वेळ पाषाणाकडे बघत बसले. मग म्हणाले, "देव शब्द परत देत नाय. गावानं मागितलंय, तो देनार. पन कुनाच्या हातून घ्यायचं ते आपन इचारू शकतो." त्यांनी दुसरा प्रश्न सांगितला: शब्द तसाच ठेवून माणूस बदलला तर चालेल का?

उजवी पाकळी लगेच पडली.

गावकर वळले. "तर कोन घेतंय?"

काकी उभी राहिली. साखरेचा रिपोर्ट घेऊन आलेली, खालच्या घरातली. तिची मुलगी तेव्हा आठवीत होती.

"आमच्या पोरीच्या नावावर करा," काकी म्हणाली. "पयला नंबर सोडत नाय ती."

"नवऱ्याला इचार आधी," कुणीतरी म्हणालं.

"त्याला फोन करून सांगीन. तो काय नाय म्हननार हाय?"

माणसं माना हलवत होती. सगळ्यांना ते पटलं होतं. वडील माझ्याकडे वळले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मला दिसला. मी उठून उभी राहिले. माझा आवाज बारीक आला.

"काकी, तिला विचारा तरी आधी."

काकी माझ्याकडे बघून हसली. रागाने नाही. "तिला काय इचारायचं, बाय? तुला इचारलं व्हतं?"

देऊळ पुन्हा हसलं, या वेळी मोकळेपणाने. गावकरही हसले. वडिलांनी खाली पाहिलं. आईने माझा हात धरून मला खाली बसवलं. काकीची मुलगी देवळात नव्हती. ती मामाकडे मालगुंडला गेली होती.

गावकरांनी नवं गाऱ्हाणं घातलं. मुलगी बदलली, बाकी सगळं तेच. मुंबईचं कॉलेज तेच, वाडीतला दवाखाना तोच, शेडही तीच. लोकांनी होकार दिला.

घरी जाताना वडील पुढे चालत होते. वळणावर ते थांबले.

"काकीची पोर हुशार आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"मग झालं तर."

मी सीईटीच्या बॅचला नाव दिलं. बारावीत वर्गातली चेष्टा थांबली. मी सांगितल्यामुळे नाही, नवीन विषय मिळाल्यामुळे. मला वाडीत डॉक्टरीण म्हणणं ज्या दिवशी बंद झालं, त्याच दिवसापासून काकीच्या मुलीला म्हणायला लागले. दापोलीच्या पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं, दुसऱ्या यादीत आलं. सोडायला वडील आले होते. वसतिगृहाच्या व्हरांड्यात त्यांनी एका प्राध्यापकांना विचारलं की इथून पुढे परदेशात जाता येतं का. जाता येतं, असं प्राध्यापक म्हणाले. हे वडिलांनी लोट्याला, गाडीत, सगळ्यांना सांगितलं.

पुढे प्रत्येक शिमग्यात काकीच्या अंगणात तेच गाऱ्हाणं घातलं गेलं. एका वर्षी मी सुट्टीला आले होते आणि त्या गर्दीत उभी होते. काकीची मुलगी पालखीसमोर हात जोडून, मान खाली घालून उभी होती. मी सगळ्यांबरोबर 'व्हय महाराजा' म्हटलं.

दहावीला ती केंद्रात पहिली आली. अकरावीला रत्नागिरीला आली. मावशीकडे मी राहत होते त्याच खोलीत राहिली, त्याच क्लासला गेली. अकरावीच्या दिवाळीत तिने मला फोन केला होता. तिला इतिहास घेऊन आर्ट्सला जायचं होतं, ते आता बदलता येतं का, असं विचारलं. आता वर्षाच्या मधे बदलत नाहीत, पुढच्या वर्षी पहिल्यापासून अकरावी करावी लागेल, असं मी सांगितलं. माहिती बरोबर होती. ती बरं म्हणाली आणि सरावाला जुने पेपर आहेत का विचारलं. माझ्याकडे होते. मी पाठवून दिले.

माझं शिकून झालं आणि मी एका दैनिकाच्या शेतीच्या पानावर कामाला लागले. काकीच्या मुलीने बारावीनंतर परीक्षा दिली. एक वर्ष थांबून पुन्हा दिली. या मे महिन्यात तिने ती तिसऱ्यांदा दिली. केंद्रावर काकी तिच्याबरोबर गेली होती आणि पेपर संपेपर्यंत गेटबाहेर, समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून होती. निकाल अजून लागलेला नाही.